भाषणाची सुट्टी

११ जुलै, शुक्रवार

आज नळाला पाणी. म्हणजे आमच्या घरात बोलायला बंदी. रत्नमाला पिंपं भरत होती, मी बादल्या वाहत होतो, आणि तिकडे जिल्हा कृती दलाच्या बैठकीला उशीर होत होता. धावतपळत पोचलो तर बैठक सुरूच झालेली नव्हती, कारण प्रोजेक्टरची वायर सापडत नव्हती. बालमजुरी हटवायला निघालेत आणि यांना एक वायर सापडत नाही!

मी या दलाचा अशासकीय सदस्य. म्हणजे ज्याला चहा मिळतो, पण कागद मिळत नाही असा माणूस. कॉलेजात पंचवीस वर्षं इतिहास शिकवतो आहे. परदेशातल्या गिरण्यांमध्ये यंत्राखाली सरपटणारी पोरं, खाणीत गाड्या ओढणारी पोरं, हे सगळं मी मुलांना मेलेला इतिहास म्हणून सांगतो. मेलेला कसला? पैठण रोडला भाड्याने राहतो आहे.

संध्याकाळी रत्नमाला एका मुलीला घरी घेऊन आली. संस्कृती नाव. रत्नमाला शिकवते त्या पैठण रोडवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीच्या पटावर आहे, वर्गात नाही. मूळची देवगाव रंगारीची. आता आई भागूबाईबरोबर बिडकीनच्या अलीकडे बन्सीशेठच्या भट्टीवर राहते. तिथे गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडतात आणि आतलं शिसं वितळवतात. फोडायचं काम मोठ्यांचं. आतल्या शिशाच्या पाट्या सोलून वेगळ्या करायचं काम पोरांचं, कारण त्यांची बोटं बारीक. मुलीच्या फ्रॉकला अ‍ॅसिडने बारीक बारीक भोकं पडलेली. सोफ्यावर बस म्हटलं तर खाली बसली, पोट दाबून.

"बारा चोक?" रत्नमालाने विचारलं.

पोरगी हसली. "येत व्हतं बाई. गेलं."

"गेल्या वर्षी ही सगळ्या वर्गाला पाढे सांगायची," रत्नमाला मला म्हणाली. तिने मुलीला दवाखान्यात दाखवून आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, रक्तात शिसं आहे. पहिलं औषध म्हणजे तिथून बाहेर काढा. जितके दिवस राहील तितकं डोक्यातलं जात राहील आणि सगळं परत येईलच असं नाही.

मला जेवण गेलं नाही. हे असं चालू देणाऱ्या समाजाला झोप कशी लागते?

१३ जुलै, रविवार

वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या रविवारच्या मालिकेतलं, पहिलं व्याख्यान. विहार भरून लोक बाहेरच्या शेडपर्यंत बसलेले. विषय 'सम्यक वाणी'. वेळ कुठे गेला कळलं नाही.

कामगार अधिकारी सोनिया मॅडमनी काल फोन करून सांगितलं होतं की बुधवारी बन्सीशेठच्या भट्टीवर धाड आहे. "सर, हे तुमच्यामाझ्यातच." तरुण आहे बाई, चुणचुणीत आहे, पण माणसं ओळखत नाही. मला हे सांगायची गरज काय? गुप्तता मी कसोशीने पाळली. भट्टीचं नाव नाही, शेठचं नाव नाही, वार नाही. फक्त शेवटी एवढंच म्हणालो की पैठण रोडवरच्या एका नरकाचा विस्तव पुढचा रविवार बघणार नाही. टाळ्या थांबेनात.

फकिरा नेहमीसारखा पहिल्या रांगेत. आमच्याच वसाहतीतला, टेम्पो चालवतो. माझं प्रत्येक भाषण मोबाईलवर घेतो.

"दादा, काय बोलता तुमी! काटा आला अंगावर. मी लोकांना पाठवतो, लांबलांबचे लोक ऐकतेत."

असे श्रोते आहेत म्हणून बोलावंसं वाटतं. त्याच्या शर्टाची मात्र पार चाळण झालेली. एवढं दारिद्र्य! घरी आल्यावर माझा एक चांगला सदरा त्याला पाठवून दिला.

रत्नमाला व्याख्यानाला नव्हती. शाळेची ऑनलाइन माहिती भरत बसली होती. "कसं झालं?" तिने विचारलं. मी म्हणालो, "पेटलं."

१६ जुलै, बुधवार

भट्टी रिकामी! एकही पोर नाही. फरशी धुतलेली, कोपऱ्यात उदबत्ती. बन्सीशेठने आमच्यासाठी खुर्च्या मांडूनच ठेवल्या होत्या.

"या, या सर. तुमचं भाषण आमी लई ऐकतो. क्या बात है."

शत्रूलाही ऐकावं लागतं, ही शब्दाची ताकद. पण त्या क्षणी त्याच्या तोंडावर खुर्ची मारावीशी वाटली.

परतताना जीपमध्ये सोनिया मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मीच म्हणालो, "मॅडम, तुमच्या कार्यालयात घरभेदी आहे." त्या म्हणाल्या, "बघते सर."

काय बघते? बघते, करते, कळवते. या देशाचं सगळं प्रशासन या तीन क्रियापदांवर चाललं आहे.

२५ जुलै, शुक्रवार

धाडीनंतर दोनच दिवसांनी पोरं परत भट्टीवर आली होती म्हणे. रत्नमालाने शाळेत जाता-येता पाहिलं. संस्कृती ओळखीचं हसली आणि पत्र्याच्या आड गेली.

मी सोनिया मॅडमना फोन केला, लागला नाही. परत केला. बैठकीत आहेत. परत केला. दौऱ्यावर आहेत. चौथ्यांदा त्यांनीच उचलला आणि म्हणाल्या, "सर, मी दुसरी तारीख ठरवतेय. थोडी शांतता ठेवा."

शांतता! एक पोरगी पाढे विसरत चालली आहे आणि मी शांतता ठेवू?

१० ऑगस्ट, रविवार

या खेपेला चूक होऊ द्यायची नाही असं ठरवलं होतं. धाड बुधवारी आहे हे सोनिया मॅडमनी काल प्रत्यक्ष भेटून सांगितलं. फोनवर नको म्हणाल्या. कार्यालयातही त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. शहाणी झाली बाई.

माझ्या व्याख्यानात आज धाडीचा, भट्टीचा, आठवड्याचा, कशाचाही उल्लेख नव्हता. पण मुलांना बाहेर काढायचं तर पुढचा विचार नको? आपल्याकडे सगळे सोडवतात, सांभाळायला कोणी नसतं. म्हणून मी आवाहन केलं, "लवकरच काही लेकरं शाळेत परत जाणार आहेत. घरातलं जुनं-नवं दप्तर आणून द्या. पण मंगळवार संध्याकाळच्या आत!"

लोकांनी खरोखर आणून दिली. काही तर कोरी करकरीत, दुकानाच्या चिठ्ठीसकट. आमची बैठकीची खोली दप्तरांनी भरली आहे. फकिराने सुद्धा एक आणलं, त्याच्या पुतणीचं, गुलाबी. मी दिलेलाच सदरा अंगात होता आणि त्यालाही भोकं पडलेली! महिना झाला नाही. चांगली वस्तू दिली तरी लोकांना जपता येत नाही. रत्नमाला त्या सदऱ्याकडे बराच वेळ बघत होती. तिला वाईट वाटलं असणार, तिनेच घेतला होता माझ्यासाठी.

१३ ऑगस्ट, बुधवार

परत तेच. परत धुतलेली फरशी. परत उदबत्ती.

"पोरं कुठे आहेत?" मी ओरडलो.

"कोणती पोरं? कामगारांची लेकरं असतील, लग्नाला गेली गावाकडं," बन्सीशेठ म्हणाला.

"श्रावणात लग्न?"

"आजकाल मुहूर्त कोण बघतं सर. आता तुमीच बघा, तुमी बघता का?"

सोबतचा पोलीस हसला. मी त्याचं नाव विचारलं. त्याने माझं विचारलं.

घरी आलो तर दारात पाय ठेवायला जागा नाही, दप्तरं पसरलेली. एकाला लाथ मारली. त्यात कोणीतरी कंपासपेटी ठेवली होती, ती वाजली. रत्नमाला आतून म्हणाली, "अहो, दप्तरांनी काय केलंय?"

१७ ऑगस्ट, रविवार

आजचं व्याख्यान घरभेद्यांवर. लढाया शत्रूमुळे हरत नाहीत, आतून दार उघडणाऱ्यामुळे हरतात. इतिहासातले दाखले दिले. किल्ल्याचं दार, रात्रीचा दिवा, चार मोहरा. शेवटी म्हणालो, "तो माणूस कदाचित आत्ता, या क्षणी, हे शब्द ऐकत असेल!" फकिराच्या डोळ्यांत पाणी होतं.

माझा संशय तिघांवर आहे. हसणारा पोलीस, सोनिया मॅडमचा जीपचालक, आणि दलातले ते एक गृहस्थ, जे बैठकीत कायम बिस्किटं खातात आणि कधीच काही बोलत नाहीत. इतका गप्प राहणारा माणूस नक्कीच काहीतरी लपवतो आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गणपतीत शहर बहिरं झालं आहे. खिडक्या लावून सोनिया मॅडमशी बोलावं लागलं. त्या स्वतः घरी आल्या होत्या. दप्तरांमधून वाट काढत बसल्या, माझा संशय शांतपणे ऐकून घेतला, बिस्किटवाल्यांसकट. मग म्हणाल्या, "सर, दोन्ही धाडींच्या आधीच्या रविवारी तुमची व्याख्यानं होती ना? कशावर बोललात?"

चला, कोणीतरी विचारलं! फकिराने घेतलेले दोन्ही भाषणांचे व्हिडिओ मी त्यांना लगेच पाठवले. त्यांनी तिथेच, कानाला लावून, ऐकले. पूर्ण नाही. सुरुवातीचा सैद्धांतिक भाग पुढे ढकलला आणि फक्त शेवट ऐकला. मोबाईल पर्समध्ये ठेवला. रत्नमालाकडे पाहिलं. रत्नमालाने चहा ओतता ओतता मान हलवली.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"आवाज स्पष्ट आहे," म्हणाल्या.

वाचनाची, विचाराची आवड नाही या पिढीला. जाताना दोघी फाटकापाशी कितीतरी वेळ बोलत उभ्या होत्या.

९ सप्टेंबर, मंगळवार

हे लिहायचं नाही असं दिवसभर ठरवत होतो. लिहितो.

कॉलेज सुटल्यावर रत्नमाला म्हणाली, चला, संस्कृतीला भेटून येऊ. भट्टीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे, त्यातली एक भागूबाईची. शेठ तिकडे नव्हता. मुलगी आतल्या बाजूला आडवी होती. भागूबाईने आम्हाला पोतं अंथरून दिलं. मी माझं सुरू केलं, शिक्षणाचा हक्क, कायदा, मुलीचं भविष्य. बाईने ऐकून घेतलं.

"सर, पोरगी माझीच हाय. मला कळत नाय व्हय? पण ही खोली शेठची. पोरगी कामाला नाय तर खोली नाय. मी एकटी बाई. ह्या दाराला आतून कडी तरी हाय. तुमच्या भाषणात खोलीचं काय हाय, ते सांगा."

माझ्या भाषणात खोलीचं काही नव्हतं. मला राग आला, कोणाचा ते ठरवता येईना. रत्नमालाने मात्र लगेच विचारलं, "खोली मिळाली तर येशील?" "आधी दावा, मग बोला," भागूबाई म्हणाली.

एवढ्यात संस्कृती उठून बसली. मला बघून तिचा चेहरा खुलला.

"सर, तुमी परत कवा भाषण करणार?"

मी, मूर्ख, फुशारलो. "का गं? आवडतं तुला?"

"लई! तुमचं भाषण झालं की आमाला सुट्टी असती."

"सुट्टी?"

"व्हय. फकिरामामा बॅटऱ्या घेऊन येतो ना टेम्पोत, त्याच्या मोबाईलवर शेठ ऐकतो. मग म्हणतो, सर बोलले, आता दोन-तीन दिस पोरं लांब ठेवा. मागल्या टायमाला आमाला मळ्यात धाडलं. मी दिसभर झाडाखाली झोपले. पोट पण नाय दुखलं." मग थोडी लाजली. "तुमी रोज करा की भाषण."

भागूबाईने चुलीत लाकूड सारलं. ते आधीच नीट होतं.

रिक्षात मीच म्हणालो, "तुला माहीत होतं."

"त्या सदऱ्याची भोकं आणि पोरीच्या फ्रॉकची भोकं सारखीच होती," ती म्हणाली. "पण मॅडमनी फाटकापाशी व्हिडिओ ऐकवेपर्यंत खात्री नव्हती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मी सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याशी वाद घातला असता. आणि जिंकला असता."

१० सप्टेंबर, बुधवार

मंगळवार संध्याकाळच्या आत! सगळ्या विहारासमोर, माईकवर! लहान पोरालासुद्धा कळलं असतं. आणि वर घरभेद्यांवर व्याख्यान. त्या बिस्किटवाल्या गृहस्थांची मनातल्या मनात माफी मागितली. मोठ्याने मागायची सोय नाही, कारण त्यांना काही माहीतच नाही.

फकिराला बखोटीला धरून जाब विचारायला निघालो होतो. रत्नमालाने चपला लपवल्या. "त्याला काय विचारणार? तो तुमचं भाषण लोकांना ऐकवतो. तुम्हीच त्याला शाबासकी देता. त्याला तोडलंत तर शेठ दुसरा माणूस बसवेल आणि तो आपल्याला दिसणार नाही."

संध्याकाळी सोनिया मॅडम आल्या. मी म्हणालो, "मला आता कुठलीही तारीख सांगू नका."

"ती सांगणारच नव्हते सर. पण तुमच्याकडे एक काम आहे. तुम्ही रविवारी बोलायचं."

"परत?"

"हो. पूर्ण वेळ. कशावरही. फक्त या विषयावर नाही. तुम्ही एकदम गप्प बसलात तर शेठला संशय येईल. तुम्ही गरम झालात तर तो पोरं हलवेल. तुम्ही..." बाई शब्द शोधत होती.

"कंटाळवाणं बोलायचं," रत्नमालाने मदत केली.

खोटं बोला म्हणाल्या असत्या तर मी नकार दिला असता. दर रविवारी पंचशील घेऊन, खोटं बोलणार नाही असं सगळ्यांसमोर म्हणूनच मी माईकपाशी जातो. पण कंटाळवाणं बोलू नये असं कुठल्याच शीलात नाही. माझी पळवाट बंद झाली.

१४ सप्टेंबर, रविवार

विषय: 'अजिंठ्याच्या लेण्यांतील खांबांचे प्रकार'. चौकोनी, अष्टकोनी, घटपल्लव. तळखड्यापासून सुरुवात केली. शीर्षापर्यंत पोचलो तेव्हा मागच्या दोन रांगा चप्पल शोधत होत्या.

विहार समितीचा चिटणीस राजेंद्र नंतर म्हणाला, "सर, आज जरा वेगळंच." मी म्हणालो, "पुढच्या रविवारी पण खांबच आहेत. गोल खांब राहिलेत." त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

२१ सप्टेंबर, रविवार

गोल खांब. फकिरा झोपला. मोबाईल मांडीवर, तोंड उघडं, अंगात माझाच सदरा. जागा झाल्यावर ओशाळला. "दादा, कालपासून टेम्पोवर होतो म्हून. भाषण झ्याक झालं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुमी गार का पडले हो दादा? कोणी दम भरला का? नाव सांगा."

आणि हा माणूस माझ्यासाठी खरंच भांडला असता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याच हातांनी तो पोरांपुढे बॅटऱ्यांचा ढीग ओततो. खांबांवर एक पुस्तक वाचायला देतो म्हणालो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

रत्नमाला आणि सोनिया मॅडम रोज फोनवर बोलतात. मी खोलीत आलो की विषय बदलतो. मला एवढंच कळलं आहे की आमच्या गल्लीतल्या द्वारकाबाईंचा मागच्या खोलीचा भाडेकरू दसऱ्याला जातो आहे, आणि रत्नमालाने एका सुट्टीच्या दिवशी भागूबाईला ती खोली दाखवून आणली. भागूबाईने म्हणे सगळ्यात आधी दाराची कडी लावून पाहिली.

आज रत्नमालाला बाजारात संस्कृती भेटली. विचारत होती, "सर आजारी हाईत का बाई? भाषण का नाय करत? लई दिस झाले, सुट्टीच नाय."

रत्नमालाने हे मला सांगायला नको होतं. की मुद्दाम सांगितलं? तिने पाण्याचं पिंप झाकलं आणि आत गेली.

२८ सप्टेंबर, रविवार

आज पडलो असतो.

वर्षावासातलं शेवटून दुसरं व्याख्यान. माईकसमोर उभा राहिलो आणि डोळ्यांसमोर ती झाडाखाली झोपलेली. मी एक वाक्य बोललो, फक्त एक गरम वाक्य, तर उद्या आणि परवा तिला झोप मिळेल. शिशापासून दोन दिवस लांब. एवढं स्वस्त! आयुष्यभर लोकांना सांगत आलो की शब्दाने माणसाची सुटका होते. इथे खरोखर माझ्या शब्दाने होत होती, दोन दिवसांची, आणि मी ती देत नव्हतो.

'लेकरांनो' असा शब्द तोंडातून गेलासुद्धा. फकिराने मोबाईल वर केला. मी पाणी प्यायलो. मग म्हणालो, "लेकरांनो, आणि मोठ्यांनो, खांबाच्या कोनाड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आपण मागे पाहिलं." ते मागे पाहिलेलंच नव्हतं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

घरी येऊन भिंतीवर मूठ मारली. लागली. दप्तरं तशीच पडून आहेत, त्यांच्यावर धूळ बसायला लागली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. वर्षातली माझी सगळ्यात मोठी सभा. मैदान, मंडप, लांबून आलेली माणसं, पांढरे कपडे, निळे झेंडे. पत्रिकेवर माझं नाव जाड अक्षरात आणि खाली विषय: 'बालमजुरी: आपल्या काळजावरचा डाग'. राजेंद्रने ती पत्रिका जुलैमध्येच छापून घेतली होती, माझ्याच आग्रहावरून.

मी खांबांवर बोललो.

सुरुवातीला लोकांना वाटलं ही प्रस्तावना आहे, आता सर वळण घेतील. मी वळण घेतलं नाही. अर्ध्यात एक म्हातारा उभा राहिला. "ओ संघपाल सर! खांब पुरे झाले, छपराकडं या!" मंडप हसला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. समोर माझे विद्यार्थी बसले होते, त्यांनी माना खाली घातल्या. मी म्हणालो, "छप्पर पुढच्या भागात," आणि परत हशा झाला. हा हशा माझ्यासोबत नव्हता. मला फरक कळतो.

टाळी एकही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी खाली उतरलो आणि मंडप तसाच बोलत राहिला, जणू कोणी बोललंच नव्हतं.

राजेंद्र भेटायला आला नाही. फकिरा आला, लिंबूसरबत घेऊन. "दादा, तब्येतीला जपा," एवढंच म्हणाला आणि ग्लास परत न्यायला उभा राहिला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कॉलेजला निघत होतो. रत्नमालाचा फोन आला. ती शाळेत असायला हवी होती, पण मागे वेगळाच गलका ऐकू येत होता.

"अहो," ती म्हणाली, "दप्तरं घेऊन या."

रिक्षावाल्याला दुप्पट भाडं कबूल केलं, दप्तरं भरली, वर मी बसलो. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला शिव्या दिल्या.

भट्टी चालू होती, म्हणजे तासाभरापूर्वीपर्यंत चालू होती. विस्तव अजून धुमसत होता. फरशी धुतलेली नव्हती, उदबत्ती नव्हती, खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या. करडी धूळ सगळीकडे, आणि त्या धुळीत ओळीने बसलेली पोरं, करड्या पापण्यांची. सोनिया मॅडम प्रत्येकाजवळ उकिडव्या बसून नाव विचारत होत्या. तो हसणारा पोलीस एका बारक्याला पाणी पाजत होता. बन्सीशेठ जीपमध्ये होता. मला बघून त्याने तोंड फिरवलं. क्या बात है, असं मी म्हणणार होतो, पण नाही म्हणालो. खरं तर म्हणालो, हळू.

भागूबाई एका बाजूला गाठोडं बांधून उभी. "कडी चांगली हाय त्या खोलीची," ती रत्नमालाला म्हणत होती, जणू तेच सगळ्यांत महत्त्वाचं होतं. तेच होतं.

फकिराचा टेम्पो अडवून ठेवला होता. तो चाकाला टेकून बसला होता, अंगात माझ्या सदऱ्याची चाळणी.

"दादा," तो म्हणाला, "ते खांबांचं... मुद्दाम व्हतं?"

मी रिक्षातली दप्तरं उतरवायला लागलो.

"कालचं मी शेठला पाठवलंच नाय. तो विचारत व्हता, सर काय बोलले. मी म्हणलो, काय नाय, तब्येत बरी नाय त्यांची." त्याने नाक पुसलं. "खरं सांगू? लाज वाटली मला. माझ्या दादांचं असलं भाषण कोणाला दावायचं?"

मग तो पोरांकडे बघत राहिला. गुलाबी दप्तर कोणाला मिळालं ते त्याने पाहिलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पोरांची बालकल्याण समितीपुढची कामं चालू आहेत. एक सही राहिली, मग एक शिक्का राहिला, मग शिक्का मारणारा रजेवर. शेठ जामिनावर बाहेर आला आहे आणि पेपरात त्याचं म्हणणं माझ्या फोटोखाली छापून आलं आहे. दिवाळीनंतर दुसऱ्या भट्टीचा विषय आहे असं ऐकतो. सोनिया मॅडमनी मला विचारलं, छपरांबद्दल माझा अभ्यास आहे का. त्या हसत नव्हत्या.

संस्कृतीचं औषध सुरू आहे. द्वारकाबाईंच्या खोलीतून रोज शाळेत जाते, आणि संध्याकाळी आमच्याकडे रत्नमालापुढे पाढे म्हणायला बसते. बारा पाचे साठपर्यंत येते. पुढे थांबते, छताकडे बघते. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. वाट बघणं मला कधीच जमलं नाही, आता शिकतो आहे, आणि ते खांबांपेक्षा अवघड आहे.

आज ती पाढा सोडून माझ्याकडे आली. टेबलावर माझे जुने भाषणांचे कागद पडले होते.

"सर, आता तुमी भाषण केलं तर शाळेला सुट्टी मिळंल का?"

"नाही गं. शाळेला नाही मिळत."

तिने थोडा विचार केला.

"मग कशाला करता?"

उत्तर होतं माझ्याकडे. दोन तासांचं होतं. मी चष्मा काढला, घसा साफ केला, आणि तेवढ्यात रत्नमालाने आतून हाक मारली, "संस्कृती, बारा सक?" पोरगी माझ्याकडे पाठ करून पळाली.

मी ऐकत बसलो. आतून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.